मधूनच दिसेनाशी होणारी हार्ड डिस्क आणि तिच्यातील फायली

"काल दिसत होती, आज दिसत नाही, केबल जरा हलवली की पुन्हा दिसते." बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कची ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण दोन-तीन महिने याच अवस्थेत काढून आलेले असतात. पूर्ण बंद पडलेली डिस्क थेट जाणकाराकडे येते. मधूनच दिसणारी डिस्क मात्र "लागली बुवा एकदाची" म्हणून पुन्हा कामाला जुंपली जाते आणि तिचे उरलेसुरले आयुष्य नवे सिनेमे भरण्यात किंवा 'स्कॅन अँड फिक्स'वर टिचकी मारण्यात खर्ची पडते. पुढील मजकूर मुख्यतः अशा डिस्कविषयी आहे. ती ज्या वेळी दिसते तो वेळ फायली बाहेर काढण्यासाठी असतो, आणि तो कोणत्या क्रमाने वापरावा हे ती दिसण्याच्या आधीच ठरवून ठेवावे लागते.

गेल्या पावसाळ्यात कोकणातील एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाची १ टीबीची पोर्टेबल डिस्क माझ्याकडे आली. तीत जुन्या दिवाळी अंकांची आणि एका स्थानिक साप्ताहिकाच्या बांधीव खंडांची स्कॅन केलेली पाने होती, दुसरी प्रत कुठेही नव्हती, आणि मूळ अंकांपैकी काहींचा कागद हात लावताच तुटत होता. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "दादा, कपाटातून काढली की पहिली दहा मिनिटं नीट चालते हो, मग टक् असा आवाज करून गप्प होते." त्यांचे ते 'दहा मिनिटं' मी कागदावर लिहून घेतले, कारण अशा डिस्कच्या बाबतीत ती किती वेळ चालते आणि कशानंतर बंद पडते, याइतकी उपयोगी माहिती दुसरी नसते.

'डिस्क डिटेक्ट होत नाही' या एका वाक्यात निदान चार निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिलीत डिस्कला पुरेशी वीजच पोचत नाही. दुसरीत डबीतील यूएसबीचे सर्किट संगणकाला उत्तर देते, पण त्याच्या मागची खरी डिस्क त्या सर्किटला उत्तर देत नाही. तिसरीत डिस्क आपल्या पूर्ण क्षमतेसह हजर असते, परंतु तिच्यावरील विभागांचा तक्ता किंवा फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची व्यवस्था, बिघडल्यामुळे ती उघडता येत नाही. चौथीत सगळे शाबूत असते, केवळ ड्राइव्हला अक्षर मिळालेले नसते. 'धिस पीसी'च्या खिडकीत यांपैकी बऱ्याच वेळा एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे काहीही न दिसणे. म्हणून त्या खिडकीवरून निदान करू नये.

निदानाला लागण्यापूर्वी हात कुठे आवरायचा ते सांगितले पाहिजे. विंडोज 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल' असे म्हणते, किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडताक्षणी 'इनिशिअलाइझ डिस्क'ची चौकट पुढे येते. मॅकवर डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश येतो आणि त्यातही 'इनिशिअलाइझ'चे बटण असते. या तिन्ही ठिकाणी 'कॅन्सल' किंवा 'इग्नोर' एवढेच दाबावे. इनिशिअलाइझ केल्याने डिस्कवर नवा तक्ता लिहिला जातो. क्विक फॉरमॅटनंतरही पूर्वी बहुतेक मजकूर परत मिळत असे, पण हल्लीच्या काही पोर्टेबल डिस्क फॉरमॅटच्या वेळी मिळणारी ट्रिमची, म्हणजे 'ही जागा आता रिकामी समज' अशी, आज्ञा मानतात आणि त्यानंतर जुन्या मजकुराच्या जागी केवळ शून्ये परत देतात. एसएसडीच्या बाबतीत तर हा धोका उघडच आहे.

चेकडिस्क या विंडोजमधील डिस्क तपासण्याच्या साधनाविषयी माझे मत जरा कडक आहे. दुरुस्तीच्या पर्यायासह चालवलेली चेकडिस्क फाइल सिस्टिम सुसंगत करण्यासाठी डिस्कवर लिहिते, आणि सुसंगत करण्याच्या नादात जिचा धागा सापडत नाही ती फाइल तोडून तिचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. धडधाकट डिस्कवर हे चालण्यासारखे आहे. ज्या डिस्कचे वाचन मुळातच अडखळते आहे, तिच्यावर मात्र हे काम म्हणजे ताप असलेल्या माणसाला जिना चढायला लावण्यासारखे आहे. फायली सुखरूप दुसरीकडे पोचेपर्यंत चेकडिस्कचे नाव काढू नये.

आता विजेकडे वळू. अडीच इंची पोर्टेबल डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो. तिची तबकडी फिरवण्याची वीज यूएसबीच्या पोर्टमधूनच येते. यूएसबी २.० चा पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर, तर यूएसबी ३.० चा ९०० मिलिअँपिअर देतो, आणि तबकडीला वेग घेताना पहिल्या काही क्षणांत जास्त प्रवाह लागतो. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट, लांब एक्स्टेन्शन केबल आणि स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब या तिन्ही ठिकाणी ही वीज कमी पडते. मग डिस्क वेग घेऊ पाहते, तिला तो घेता येत नाही, ती पुन्हा सुरुवात करते आणि संगणकातून जोडल्या-तुटल्याचा 'टुंग' आवाज येत राहतो. म्हणून डिस्क डेस्कटॉपच्या मागच्या, म्हणजे थेट मदरबोर्डवरील पोर्टला, आखूड केबलने जोडून पाहावी. केबलही बदलून पाहावी, आणि ती दुसऱ्या, चालू असलेल्या डिस्कवर तपासलेली असावी. यूएसबी ३.० च्या पोर्टेबल डिस्कला लागणारी ती चपटी, मध्ये खाच असलेली पिन फार लवकर सैल होते. डिस्क दप्तरात केबलसकट कोंबण्याची सवय असेल तर पिनपेक्षा डिस्कवरचा सॉकेट हललेला असण्याचा संभव अधिक. टेबलावर डिस्क स्थिर ठेवून फक्त पिन अगदी हलकेच डावी-उजवीकडे दाबली असता दिवा मिणमिणला, तर दोष तिथेच आहे. केबलने सुटणारा प्रश्न निघाला तर तो दिवस भाग्याचा समजावा.

साडेतीन इंची, टेबलावर ठेवायच्या डिस्कचा अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचा असतो आणि तो डिस्कच्या आधी खराब झालेला मी अनेकदा पाहिला आहे. इथे एक अपघात वारंवार घडतो. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन त्याच भोकात बसते, घाईत तोच लावला जातो आणि डिस्क कायमची गप्प होते. अशा वेळी बऱ्याचदा सर्किट बोर्डावरील संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्या सर्किटला वाचवतो. जाणकाराने तो तपासून काढला की डिस्क फायली काढण्यापुरती सुरू होऊ शकते. त्यामुळे 'जळली' म्हणून ती भंगारात देऊ नये.

वीज ठीक आहे याची खात्री पटल्यावर डिस्क कानाशी धरावी. एकसारखी बारीक घरघर आणि अधूनमधून कुरकुर हे निरोगी लक्षण आहे. ठराविक अंतराने टक्-टक् असे आपटण्याचे आवाज येऊन शेवटी तबकडी थांबत असेल, किंवा नुसता बारीक 'बीप' ऐकू येत असेल, तर घरचा प्रयोग तिथेच संपवावा. पहिल्या आवाजात वाचणारे हेड आपली जागा शोधत असते आणि त्याला ती सापडत नसते. दुसऱ्यात बहुधा तबकडी अडकलेली असते. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते, त्यामुळे झाकण उघडून आत डोकावणे म्हणजे धुळीच्या कणांना आमंत्रण. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जो उपाय अजून सांगितला जातो, त्याने तबकडीवर दव धरते. आमच्याकडच्या दमट हवेत तर हमखास.

आवाज बरा असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडावे. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारली की ते यादीत सापडते. डिस्क तिथे पूर्ण क्षमतेसह, निळ्या पट्टीखाली, 'हेल्दी' या शब्दासह पण अक्षराविना दिसत असेल, तर उजवी टिचकी मारून अक्षर द्यावे. कचेऱ्यांमध्ये नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर आधी अडवलेले असते, म्हणून ही अडचण दर सोमवारी नव्याने उद्भवते. पट्टीवर 'रॉ' लिहिलेले असेल किंवा ती काळी होऊन 'अनअलोकेटेड' दिसत असेल आणि क्षमता बरोबर असेल, तर तिसरी अवस्था समजावी. 'नॉट इनिशिअलाइज्ड' असून क्षमताच दाखवलेली नसेल, तर ती दुसरी अवस्था असते: सर्किट बोलते आहे, डिस्क बोलत नाही. अक्षर आहे पण कुलपाचे चित्र दिसते, तर प्रश्न बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या कूटबद्ध कुलपाचा, आहे आणि ४८ अंकी रिकव्हरी की शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मधूनच नाहीशी होणाऱ्या डिस्कसाठी याहून बोलका साक्षीदार म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, ही विंडोजची घडामोडींची नोंदवही, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यातील 'सिस्टिम' नोंदींमध्ये 'डिस्क' या स्रोताच्या नोंदी गाळून काढाव्यात. क्रमांक १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला. क्रमांक १५३ म्हणजे वाचन किंवा लेखन पुन्हा करून पाहावे लागले. नुसते १५७ दिसत असतील तर केबल, वीज, सॉकेट किंवा विंडोजची वीजबचत यांवर संशय घ्यावा. वीजबचतीसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधील खूण काढावी लागते. ७ आणि १५३ यांची रांग लागून मग १५७ येत असेल, तर डिस्क खराब जागेवर अडकून दम सोडते आहे. ग्रंथालयाच्या डिस्कची नोंद नेमकी अशी होती. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती, आकडेवारी पाहिली तर क्रमांक ०५, म्हणजे खराब ठरून बदललेले सेक्टर (साठवणीचे बारीक कप्पे), जवळपास स्वच्छ आणि सी५, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर, मात्र बरेच होते. हा प्रोग्रॅम कच्चे आकडे मुळात षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायावरील, पद्धतीत दाखवतो. '६४' पाहून ते चौसष्ट समजू नये, ते शंभर आहेत.

इथून खरे काम सुरू होते. डिस्क दिसते आहे, पण किती वेळ दिसेल ते माहीत नाही, अशा वेळी फोल्डर उघडून चित्रांच्या लघुप्रतिमा पाहत बसणे हा सर्वांत महागडा छंद आहे, कारण प्रत्येक लघुप्रतिमेसाठी विंडोज ती फाइल वाचते. पुन्हा कुठेही न मिळणाऱ्या गोष्टी जेमतेम चार-पाच जीबी असतील आणि सी५ शून्य असेल, तर मी आधी तेवढेच फोल्डर उचलतो. त्यासाठी रोबोकॉपी ही विंडोजमधील प्रती काढण्याची आज्ञा चांगली, मात्र तिची पुनःप्रयत्नांची संख्या शून्य करून द्यावी. मुळात ती अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करते. सी५ मध्ये आकडा असेल तर फायलींच्या मागे न लागता संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल एका मोठ्या फाइलमध्ये, आधी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फायली उचलताना हेडला तबकडीभर उड्या माराव्या लागतात. प्रतिमा घेताना ते एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाते आणि प्रत्येक जागा शक्यतो एकदाच वाचते.

या कामासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन वापरतात. ते लिनक्सवर चालते. पेनड्राइव्हवरून सुरू होणारे उबंटू त्यासाठी पुरते, फक्त डिस्क आपोआप उघडण्याची त्यातील सोय आधी बंद करावी. प्रतिमा ठेवायची जागा मूळ डिस्कच्या संपूर्ण क्षमतेपेक्षा मोठी हवी, भरलेल्या भागापेक्षा नव्हे. आणि ती फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आज्ञेत आधी स्रोत, मग प्रतिमा, मग नकाशाची फाइल असा क्रम असतो. पहिल्या दोहोंची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी मी दोन्ही नावे मोठ्याने वाचतो. हसू येईल, पण सवय चांगली आहे.

नकाशाची फाइल हेच या साधनाचे मर्म आहे. ती साधा मजकूर असते आणि तीत डिस्कच्या प्रत्येक पट्ट्यापुढे एक चिन्ह असते: अधिकचे चिन्ह म्हणजे वाचून झाले, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हात लावलेला नाही, तारांकन आणि तिरकी रेघ म्हणजे अडखळलेला भाग नंतरसाठी ठेवला आहे, उणे चिन्ह म्हणजे वाचता आले नाही. पहिली फेरी 'एन' हा पर्याय देऊन करावी, म्हणजे साधन खराब जागा ओरबाडत न बसता सोपा भाग आधी गोळा करते. डिस्क मध्येच नाहीशी झाली तर काम थांबते. डिस्क पुन्हा जोडून तीच आज्ञा दिली की ते नकाशा पाहून जिथे राहिले होते तिथून पुढे जाते. पुन्हा जोडल्यावर लिनक्स डिस्कला दुसरे नाव देऊ शकते, तेवढे तपासावे. अनुक्रमांकावर आधारलेले कायमचे नाव वापरले तर हा घोळ टळतो. खराब भागावर तीन वेळा पुन्हा प्रयत्न आणि उलट्या दिशेने वाचन हे पर्याय अगदी शेवटी.

ग्रंथालयाच्या डिस्कवर मी दहा-दहा मिनिटांचे डाव मांडले. टेबलफॅन थेट डिस्कवर सोडला, डबी उभी ठेवली, डिस्क गप्प झाली की केबल काढून वीस मिनिटे विश्रांती दिली. दोन दिवसांत जेमतेम एक तृतीयांश भाग आला. मग मी ते केले जे नवख्याने करू नये. डबीतून डिस्क काढून तिच्या बाहेरच्या बाजूचा सर्किट बोर्ड सोडवला. या बोर्डाच्या आतल्या अंगाला, हेडशी जोडणाऱ्या स्प्रिंगच्या पिना जिथे टेकतात तिथे, बारीक चौकोनी चकत्या असतात. त्यांचा चकचकीत रंग जाऊन त्यावर काळपट-करडी साय धरली होती. समुद्राकाठच्या दमट हवेत हे पुष्कळदा घडते. पांढऱ्या खोडरबराने चकत्या हलक्या हाताने घासल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, बोर्ड परत बसवला. दहा मिनिटांचे दोन-अडीच तास झाले. खराब सेक्टर तसेच राहिले, पण बाकीचे काम तिसऱ्या दिवशी रात्री संपले.

डबी उघडण्याचा सल्ला मी सरसकट देत नाही. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट डिस्कच्याच बोर्डावर असतो, त्यामुळे आत साटाची, म्हणजे संगणकाला डिस्क थेट लावण्याची, जोडणी सापडतच नाही. काहींत डबीतील सर्किट मजकूर कूटबद्ध करून लिहिते, आपण पासवर्ड ठेवला नसला तरीही. अशी डिस्क काढून संगणकाला थेट लावली की अर्थहीन बाइट दिसतात. काही डबी संगणकाला ४,०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, तर आतील डिस्क ५१२ चे सांगते. मग शाबूत डिस्कही थेट जोडल्यावर 'रॉ' दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड आणून बसवण्याची युक्तीही आता जुनी झाली, कारण प्रत्येक डिस्कची जुळणीची माहिती तिच्याच बोर्डावरील चिपमध्ये असते आणि ती चिप उचलून नव्या बोर्डावर लावावी लागते.

प्रतिमा हाती आल्यावर मूळ डिस्क बाजूला ठेवावी. प्रतिमेची आणखी एक प्रत काढून पुढचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. टेस्टडिस्क हे मोफत साधन हरवलेला विभाग शोधून त्यातील फायलींची यादी दाखवते आणि त्या नावांसकट, फोल्डरसकट दुसरीकडे उतरवू देते. तक्ता दुरुस्त करून लिहिण्याचा त्याचा पर्याय वापरण्याची गरज सहसा पडत नाही. टेस्टडिस्क हरली तरच त्याच्या जोडीने मिळणारे फोटोरेक वापरावे. ते फाइल सिस्टिमकडे न पाहता प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवातीची खूण ओळखून तुकडे उचलते, म्हणून फायली मिळतात पण नावे आणि तारखा जातात. हजारो टिफ फायली निनावी मिळाल्या तर त्या लावणाऱ्याचे वर्ष त्यातच जाईल, त्यामुळे हा मार्ग नाइलाजाचा.

व्यावसायिक रिकव्हरीवाल्याकडे जायचे ठरले तर तीन गोष्टी आधीच लेखी विचाराव्यात: फायलींची यादी दाखवल्यानंतरच पैसे घेणार का, डिस्क धूळमुक्त कक्षात उघडणार का, आणि काम न झाल्यास डिस्क जशीच्या तशी परत मिळणार का. टक्-टक् करणारी डिस्क 'बघू सॉफ्टवेअर लावून' म्हणत रात्रभर चालवणाऱ्या दुकानात ती ठेवू नये. याआधी स्वतः काय काय केले तेही त्यांना न लाजता सांगावे.

ग्रंथालयाच्या डिस्कची प्रतिमा पूर्ण झाली तेव्हा नकाशात उणे चिन्हांचे काही बारीक पट्टे उरले होते. त्या पट्ट्यांत नेमकी कोणती पाने अडकली हे कळावे म्हणून प्रतिमेच्या प्रतीवर डीडीरेस्क्यूच्या भरण्याच्या पर्यायाने त्या जागी एक ठराविक शब्द लिहिला आणि मग सर्व फायलींमध्ये तो शब्द शोधला. अकरा पाने सापडली. बाईंनी त्यांतील आठ मूळ अंकांवरून पुन्हा स्कॅन केली. उरलेल्या तीन पानांचे अंक उघडण्याजोगे नसल्याने त्यांच्या फायली वरून दोन-तृतीयांश मजकूर आणि खाली करडा पट्टा अशा अवस्थेत तशाच ठेवल्या आहेत. जुनी डिस्क परत करताना मी तिच्यावर 'यात नवीन काही ठेवू नये' अशी चिठ्ठी चिकटवली, कारण टेबलावर जोडली की ती अजूनही दिसते.